मीठ गोड लागणारी माशी आणि मामाची गोळी

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. ऐकायचा असेल तर वरचं प्लेचं बटण दाबा. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "आपलं ते" बरेच काढलेत, सगळे नाही.)

कोपरखैरण्याहून, पंखा बंद करून, खिडकी लावून, नेहमीसारखं रेकॉर्डिंग. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर ती शेजारची, माझा भात झालाय.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. तुर्भ्याच्या एका श्रोत्याने पाठवली होती. त्याच्या मामाला एएलएस झालाय. स्टीफन हॉकिंगना होता तो आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, एकेक करून मरत जातात. हात, पाय, गिळणं, शेवटी श्वास. बहुतेक पेशंट लक्षणं दिसल्यापासून दोन ते पाच वर्षांत जातात. तर त्याच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: मिनोसायक्लिन नावाच्या गोळीने उंदरांमधला एएलएस मंदावतो, मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय. ही गोळी म्हणजे मुरुमांसाठी देतात ती, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. त्याचा प्रश्न होता, "ताई, बातमी खरी आहे का? आणि खरी असेल तर मामाला देऊन बघायला काय हरकत आहे?"

उत्तर आधी देते, कारण ते ताटकळत ठेवण्यासारखं नाही. बातमी खरी आहे. गोळी देऊ नका. मी सॉफ्टवेअरवाली आहे, डॉक्टर नाही, पण हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. माणसांवर याची रीतसर चाचणी होऊन गेली आहे. तिच्यात काय झालं ते पुढे सांगतेच.

पण त्याच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलाय. उंदरात खरं ठरलेलं माणसात खोटं कसं ठरतं? आणि तसं होत असेल तर मेंदूवाले शास्त्रज्ञ उंदीर, माश्या, अळ्या घेऊन इतकी वर्षं करतायत तरी काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. हार्बर लाइन पकडून सीएसएमटीला उतरायचं आणि कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात जायचं. तिथे टीआयएफआर आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था. होमी भाभांची संस्था, त्यामुळे आपल्या डोक्यात अणू आणि गणित. पण तिथल्या जीवशास्त्र विभागात साठ वर्षं झाली, वेगळंच काही चाललंय.

आधी शब्द. "मॉडेल ऑर्गॅनिझम" म्हणजे ज्याच्यावर जगभरातल्या पुष्कळ प्रयोगशाळा मिळून काम करतात असा एखादा ठरावीक जीव. चिलट, एक मिलिमीटरची एक अळी, झेब्राफिश, उंदीर. "मॉडेल" ऐकून आपल्याला वाटतं की ही माणसाची छोटी प्रतिकृती आहे, जसं इमारतीचं थर्माकोलचं मॉडेल. तसं नाहीये. प्रत्येक जीव निवडलेला असतो तो एका विशिष्ट प्रश्नासाठी. १९५०च्या सुमारास हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतापेशीतून वीज कशी धावते हे शोधलं, तेव्हा त्यांनी माकूळ घेतला. आपल्याकडे बाजारात रिंग्ज करायला मिळतो तोच गट. का? तर माकुळाच्या अंगात एक चेतातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि त्यात तार घालता येते. बस, एवढंच कारण. माकूळ माणसासारखा आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. पण त्या तंतूत सापडलेले नियम तुमच्या-माझ्या तंतूलाही लागू पडले, आणि दोघांना १९६३चं नोबेल मिळालं.

आता टीआयएफआर. १९६२ साली भाभांनी ओबैद सिद्दिकी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करून दिला. सिद्दिकींचं तोवरचं काम बुरशी आणि जिवाणूंच्या जनुकांवरचं. मग सत्तरच्या दशकात ते कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्याबरोबर काम करून आले आणि चिलटांच्या मागे लागले. चिलटं म्हणजे तीच हो, केळी जास्त पिकली की ओट्यावर घोंघावतात ती. एपीएमसीच्या फळ मार्केटात मे महिन्यात गेलात तर लाखांनी बघायला मिळतील. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर.

बेंझर यांची कल्पना त्या काळी धाडसी होती. माशीचं वागणं जनुकांपर्यंत मागे नेता येईल का? पद्धत माझ्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. एखाद्या जुन्या सिस्टिमचा कोड तुमच्या गळ्यात पडतो, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय, डॉक्युमेंटेशन शून्य. मग तुम्ही काय करता? एक ओळ बंद करता आणि बघता काय मोडतं. माश्यांना जनुकं बिघडवणारं रसायन पाजायचं, त्यांची हजारो पिल्लं तपासायची, आणि त्यातली विचित्र वागणारी शोधायची. २५ अंश तापमानाला दहा दिवसांत अंड्यातून नवी माशी तयार होते, त्यामुळे वर्षात ढीगभर पिढ्या बघता येतात. एका काचेच्या बाटलीत शेकडो मावतात.

सिद्दिकी आणि बेंझर यांना अशीच एक माशी सापडली. नेहमीच्या तापमानाला अगदी धडधाकट. पण ३८ अंश सेल्सियसच्या आसपास नेली की आडवी. गार केली की हळूहळू पुन्हा उठते. तिचं नाव "कोमाटोज", बेशुद्ध. १९७६ साली हे काम छापून आलं. आमच्याकडे एखादं फीचर चालू-बंद करायला बटण ठेवतात तसं इथे तापमान हेच बटण झालं. पुढे १९९०च्या दशकात कळलं की बिघाड आहे तो एनएसएफ नावाच्या प्रथिनात. चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवतात तो रसायनाच्या बारीक पिशव्या फोडून, आणि ती यंत्रणा पुन्हा पुन्हा वापरता यावी म्हणून हे प्रथिन लागतं. तुमच्या मेंदूत आत्ता हे वाक्य ऐकताना तेच काम चालू आहे.

पण माझी सगळ्यात आवडती माशी ही नाही.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. गोव्याच्या आईवडिलांची मुलगी, जन्म १९५३, केनियात. डब्लिनला शिकत असताना सिद्दिकींचं काम वाचलं, त्यांना पत्र लिहिलं आणि पीएचडी करायला मुंबईत आली. त्या काळात उलटा प्रवास म्हणायचा हा. सगळे इथून तिकडे चाललेले. तिने आणि सिद्दिकींनी वास आणि चव बिघडलेल्या माश्या शोधायला सुरुवात केली. पुढे ती त्याच विभागाची प्रमुख झाली. २०१० साली, साठीही न गाठता, गेली.

चव न कळणारी माशी शोधायची कशी? साधी युक्ती आहे. अन्नात खायचा रंग घालायचा. माशीचं पोट इतकं पातळ असतं की तिने काय खाल्लं ते बाहेरून रंगावरून दिसतं. साखर आवडते, खूप खारट आवडत नाही, हे नेहमीच्या माशीचं. याच्या उलट वागणाऱ्या निवडायच्या.

१९८७ साली टीआयएफआरच्या गटाने "नेचर"मध्ये एका माशीबद्दल लिहिलं. तिचं नाव "गस्ट-बी". ती मिठाकडे ओढली जात होती. आता इथे जरा थांबून कारण समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यात आहे. माशीच्या सोंडेवर बारीक केस असतात आणि एकेका केसाच्या बुडाशी साधारण चार चवीच्या चेतापेशी: एक साखरेची, एक पाण्याची, दोन मिठाच्या. केसाच्या टोकावर काचेची बारीक नळी टेकवली की कुठली पेशी कधी वाजते ते ऐकता येतं. नेहमीच्या माशीत मीठ लावलं की मिठाची पेशी वाजते. गस्ट-बी माशीत मीठ लावलं की मिठाची तर वाजतेच, पण साखरेचीसुद्धा वाजते.

म्हणजे त्या माशीला मीठ "आवडायला लागलं" नव्हतं. तिच्या मेंदूपर्यंत साखर आल्याचा निरोप जात होता. दारात उभा आहे पोस्टमन आणि बेल वाजतेय दूधवाल्याची. गोडपणा साखरेच्या कणात नाही, कुठली तार वाजली त्यात आहे. आणि कुठली पेशी कशाला वाजणार हे ठरवण्यात एका जनुकाचा हात आहे. हे माणसात कसं शोधणार होतात तुम्ही? माणसाचं जनुक बिघडवून त्याच्या जिभेत नळी टोचून?

चिलटं सोपी वाटतात, पण त्यांना एक वैताग आहे. त्यांचा वंश गोठवून ठेवायची सोयीची पद्धत नाही. प्रत्येक बिघडलेल्या माशीचं घराणं दर काही आठवड्यांनी नव्या बाटलीत, नव्या खाद्यावर हलवावं लागतं. दिवाळी असो, परीक्षा असो. २०२०च्या लॉकडाउनमध्येही हे थांबवून चालत नव्हतं. अळीवाल्यांचं बरं असतं. त्यांच्या अळ्या गोठवून ठेवता येतात आणि वर्षांनंतर वितळवल्या की चालू लागतात. माझ्यासारखीला हे ऐकून पहिलं आठवलं ते गिट: जुनी आवृत्ती जशीच्या तशी परत.

हां, आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणारच, माझ्या ऑफिसातल्या एकाने म्हटलंच होतं, की हे सगळं कंप्युटरवर का नाही करत? एआय एवढं पुढे गेलंय. मुके जीव कशाला?

याचं उत्तर त्या अळीकडेच आहे. सी. एलिगन्स, मातीत राहणारी, पारदर्शक, एक मिलिमीटर लांब. तिच्यात चेतापेशी ३०२. तीनशे दोन, बस. प्रत्येकीला नाव आहे. कोण कोणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ साली छापून झाला. ब्रिटनमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या गटाने अळीचे बारीक काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून, हाताने तो जुळवला. म्हणजे वायरिंग डायग्राम आपल्या हातात येऊन चाळीस वर्षं होत आली. आणि तरीही खऱ्या अळीसारखं सगळं वागणारी अळी कंप्युटरवर अजून बनलेली नाही. कारण नकाशात तार दिसते, तारेतून केव्हा किती जातं ते दिसत नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये माशीच्या पूर्ण मेंदूचा असाच नकाशा आला, १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून जास्त जोडण्या. एआयची त्यात मोठी मदत झाली. पण नकाशा वाचायला जिवंत माशी लागतेच. उंदरात सुमारे सात कोटी चेतापेशी, आपल्यात सुमारे ८,६०० कोटी. सिम्युलेशन कशाचं करायचं हेच जिथे माहीत नाही तिथे ते चालवणार काय?

अळी पारदर्शक आहे हे मी मघाशी म्हटलं. टीआयएफआरमध्येच संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा त्याचाच फायदा घेते. चेतापेशी हा फार लांबोडका प्रकार आहे. तुमच्या पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटाकडे जाणाऱ्या पेशीची शेपटी जवळजवळ मीटरभर असते. पण माल बनतो मुख्यतः एका टोकाला, पेशीच्या गाभ्याजवळ. तो दुसऱ्या टोकाला पोचवायचा कसा? त्यासाठी पेशीत रूळ असतात, आणि त्या रुळांवरून माल ओढत चालणारी प्रथिनं असतात. खरोखर पावलं टाकत चालतात ती. असं एक इंजिन म्हणजे अळीतलं "अनक-१०४". हे जनुक ब्रेनरना अळ्या धड वळवळत नाहीत म्हणून सापडलं होतं. तेच जनुक माणसात केआयएफ१ए या नावाने आहे, आणि ते बिघडलं की मुलांना चालण्याचे, शिकण्याचे गंभीर त्रास होतात.

कौशिकांच्या गटाने जिवंत अळीत, माल चमकता करून, तो पळताना पाहिला. २०१८ साली त्यांनी दाखवलं की वाटेत काही ठरावीक ठिकाणी एखादी पिशवी थांबते, मग मागून येणाऱ्या तिच्यावर अडतात, गर्दी होते. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच "ट्रॅफिक जॅम" हा शब्द आहे. ठाणे-वाशी लाइनवर घणसोली आणि कोपरखैरण्याच्या मध्ये विनाकारण उभ्या राहिलेल्या गाडीत बसून मी तो लेख वाचला, त्यामुळे मला तो जरा जास्तच पटला. मीटरभर शेपटीची पेशी, आणि माल मध्येच अडकलाय: एएलएसमध्ये मरणाऱ्या पेशी नेमक्या याच लांब शेपटीच्या असतात. वाहतुकीतला बिघाड त्या आजारात लवकर दिसतो. म्हणून अळीचं हे काम दिसतं तितकं दूरचं नाही.

मग उंदीर कशाला? माश्या-अळ्यांवर भागवा ना. भागत नाही, कारण माशीला आपल्यासारखं कॉर्टेक्सच नाही, मेंदूवरचं ते सुरकुतलेलं टरफल. आठवणी जपणारा हिप्पोकॅम्पस नाही. हे भाग गर्भात कसे घडतात हा प्रश्न असेल तर सस्तन प्राणीच लागतो. टीआयएफआरच्या शुभा तोळे उंदरांच्या गर्भातल्या मेंदूवर काम करतात. त्यांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या एका गटाच्या कामातून २००८ साली कळलं की एलएचएक्स२ नावाचं जनुक जणू सांगतं, "तू कॉर्टेक्स हो". वाढत्या मेंदूच्या काही ठिपक्यांमध्ये ते बंद केलं, तर त्या ठिपक्यांनी शेजाऱ्यांना वेगळाच हुकूम दिला आणि मेंदूत जास्तीचे हिप्पोकॅम्पस तयार झाले. एकाच मेंदूत, भलत्या जागी.

आता याच जनुकाची माशीतली बहीण बघा. तिचं नाव "अ‍ॅप्टेरस", बिनपंखी. ते बिघडलं की माशीला पंख फुटत नाहीत. १९९९ साली काही शास्त्रज्ञांनी अशा माशीत माणसाचं एलएचएक्स२ घातलं. पंख आले. माणसाला पंख नाहीत, माशीला कॉर्टेक्स नाही, पण हुकूम देणारा अधिकारी तोच, कोट्यवधी वर्षं, नुसती खाती बदललेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

उंदरांचा विषय निघालाय तर जी गोष्ट अशा भागांमध्ये बहुतेक गाळली जाते ती बोलू. मेंदू तपासायचा म्हणजे बहुतेक वेळा उंदीर मारावा लागतो. याला दुसरा शब्द नाही. आपल्याकडे १९६०चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, पूर्वीची सीपीसीएसईए, आता सीसीएसईए म्हणतात. प्रत्येक संस्थेत प्राणी-नीती समिती असते. किती उंदीर, कशासाठी, कमी उंदरांत भागेल का, भूल देणार का, हे लिहून दिल्याशिवाय प्रयोग सुरू होत नाही. चिलटांसाठी व्यवहारात असं काही लागत नाही. ते बरोबर आहे का? माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. एवढं मात्र मला पटतं की उंदीर वापरला आणि प्रयोग ढिसाळ केला, तर तो जीव फुकट गेला. आणि इथूनच आपण मामाच्या गोळीकडे येतो.

१९९३ साली एएलएसचं पहिलं जनुक सापडलं, एसओडी-१. पुढच्याच वर्षी माणसाचं बिघडलेलं एसओडी-१ घातलेला उंदीर तयार झाला. त्याला लकवा यायचा, काही महिन्यांत मरायचा. सगळ्या जगाला एएलएसचा उंदीर मिळाला. २००२ साली "नेचर"मध्ये आलं: मिनोसायक्लिन दिलेले हे उंदीर जास्त जगतात. तुमच्या फॉरवर्डमधली बातमी हीच. खरी होती.

मग माणसांवर चाचणी झाली. अमेरिकेत, ४१२ पेशंट, अर्ध्यांना मिनोसायक्लिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, नऊ महिने. एएलएसमध्ये पेशंटला काय काय करता येतं याचे ४८ पैकी गुण देतात: चालणं, लिहिणं, गिळणं, असं. २००७ साली निकाल आला. पोकळ गोळीवाल्यांचे गुण महिन्याला सरासरी १.०४ने घटत होते. मिनोसायक्लिनवाल्यांचे १.३०ने. म्हणजे औषध घेणारे जवळजवळ पाव पट जास्त वेगाने खालावले. उपयोग झाला नाही एवढंच असतं तर "देऊन बघायला काय हरकत" या प्रश्नाला काहीतरी अर्थ होता. इथे हरकत आहे, आणि ती मोजलेली आहे.

उंदीर खोटं बोलला का? दोन गोष्टी झाल्या होत्या.

पहिली, प्रयोगांची शिस्त. २००८ साली अमेरिकेतल्या एका एएलएस संस्थेने सत्तरहून जास्त औषधं, त्यात आधी "चाललेली"ही होती, अठरा हजार उंदरांवर पुन्हा तपासली. एकाचाही खरा परिणाम दिसला नाही. मग आधी कशी चालली? या उंदरात बिघडलेल्या जनुकाच्या वीसहून जास्त प्रती असतात. पिढी बदलताना कधी काही प्रती गळून जातात, आणि तो उंदीर औषधाशिवायच जास्त जगतो. माद्या नरांपेक्षा थोड्या जास्त जगतात. एकाच वेतातले उंदीर सारखे वागतात. दहा-बारा उंदरांच्या गटात असे दोन-तीन एका बाजूला पडले की झालं तुमचं औषध यशस्वी. आमच्याकडे याला फ्लेकी टेस्ट म्हणतात: कोड तोच, आज पास, उद्या फेल, आणि पास झाली त्या दिवशीच रिलीज करून मोकळे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एएलएसच्या पेशंटपैकी साधारण दहा टक्क्यांच्या घराण्यात आजार असतो. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात एसओडी-१ बिघडलेलं असतं. म्हणजे एकूण पेशंटपैकी शंभरात दोन. तो उंदीर या दोघांचा होता. आपण त्याला शंभरांचा प्रश्न विचारला.

आणि बघा, त्या दोघांचा प्रश्न विचारला तेव्हा काय झालं. एसओडी-१चं प्रथिन बनूच द्यायचं नाही असं औषध, टोफर्सेन, आधी याच जातीच्या उंदीर-प्राण्यांवर तपासलं गेलं. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेत त्याला सशर्त मंजुरी मिळाली, फक्त एसओडी-१वाल्या पेशंटसाठी. ते आजार बरा करत नाही, पण ज्या बिघाडासाठी तो उंदीर बनवला होता तिथे उंदराने वाट बरोबर दाखवली.

म्हणून त्या श्रोत्याला मी नंतर एवढंच लिहिलं: मामाच्या न्यूरॉलॉजिस्टना विचार की जनुकीय तपासणी केली आहे का, घरात आधी कोणाला असं झालं होतं का. मिनोसायक्लिनपेक्षा हा प्रश्न कामाचा आहे. रिलुझोल नावाचं जुनं औषध आहेच, चाचण्यांमध्ये त्याने काही महिने मिळाले, तेही डॉक्टरच ठरवतील.

आपल्या जवळ, पुण्याच्या आयसरमध्ये गिरीश रत्नपारखी यांचा गट एएलएसच्याच एका दुर्मिळ प्रकारावर काम करतो, आणि तो कशावर? चिलटांवर. हा प्रकार, एएलएस-८, २००४ साली ब्राझीलमधल्या कुटुंबांत पहिल्यांदा सापडला. व्हीएपीबी नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. माशीत त्याच जागी तोच बदल घातला की पेशीत प्रथिनाच्या गाठी धरतात. मग रत्नपारखींचा गट माशीतली दुसरी जनुकं एकेक करून कमी-जास्त करतो आणि बघतो, गाठी वाढतायत की विरघळतायत. त्यात एक ओळखीचं नाव निघालं: एसओडी-१. त्याचं काम कमी केलं की गाठी कमी होतात. दोन वेगवेगळ्या घराण्यांतले बिघाड, आणि आत कुठेतरी एकाच जिन्यावर भेटतायत. हे औषध नाही. कोणी फॉरवर्ड करू नका कृपया. पण कुठे शोधायचं त्याचा पत्ता आहे, आणि तो माशीच्या बाटलीतून आलाय.

एक मोठा तुकडा मी आज मुद्दाम सोडला. उंदीर उदास आहे हे कसं ओळखायचं? तो तर बोलत नाही. टीआयएफआरच्याच विदिता वैद्य यांचा गट लहानपणीच्या ताणाचा मोठेपणीच्या मेंदूवर काय परिणाम होतो हे तपासतो, आणि तिथे उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ हातपाय मारतो हे मोजण्याची एक जुनी चाचणी आहे, जिच्यावर बरीच भांडणं झालेली आहेत. तो पुढचा भाग. त्याआधी तुमच्यापैकी कोणी लॅबमध्ये चिलटांच्या बाटल्या बदलत असाल तर व्हॉइस नोट पाठवा, खाद्याचा वास नक्की कसा असतो ते मला जाणून घ्यायचंय.